निवृत्तीनानाचा लेप

निवृत्तीनाना रागावला की आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे. अंबडच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात हे सगळ्यांना पाठ होतं. नाना हळू बोलायला लागला की समजावं, आज कुणाची तरी खैर नाही. त्या दिवशी चाचणीच्या खोलीत तो इतका हळू बोलला, की मागच्या पोरांना ऐकण्यासाठी पुढे सरकावं लागलं.

"बाई," तो मोहिनीला म्हणाला, "नागलीची भाकर थापण्याइतकं सोपं नाय हे. तुमच्या डोंगरात चालत असंल, एका अंगाला करपली तर करपली. इथं नाय चालत."

पोरं फिदीफिदी हसली. मोहिनी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आईवडील आजही नागली, म्हणजे नाचणी, आणि भात पिकवतात, पीक निघालं की द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. घराण्यातली पहिली इंजिनिअर पोरगी. ती हसली नाही आणि रडलीही नाही. पडद्यावरच्या चित्राकडे बघत राहिली, कान मात्र लालबुंद झाले.

नाना काही वाईट माणूस नव्हता हो. तसं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

त्र्यंबकच्या अलीकडे रस्त्यापासून आत एक गाव आहे. तिथल्या महादेवाच्या देवळाला लागून गुरवाचं घर, आणि त्या घरात निवृत्ती जन्मला. ज्या वयात बाकीची पोरं मातीत खेळतात, त्या वयात बापाने त्याला पिंडीपुढे बसवलं. पाणी कसं घालायचं, बेल कसा ठेवायचा, गंध किती पातळ उगाळायचं, आणि पिंडीच्या बैठकीवर त्याचा लेप हाताने कसा एकसारखा फिरवायचा. बापाचं म्हणणं असं, की लेपात बोटाची रेघ दिसली तर ती देवाला टोचते. खरं-खोटं देवच जाणे, पण पोराचा हात बसला.

देवळाच्या उत्पन्नात दोन भावांची चूल पेटेना. थोरल्याकडे पूजा राहिली आणि धाकटा निवृत्ती सातपूरला हेल्पर म्हणून लागला. मग फिटर झाला, मग अंबडला या कारखान्यात आला. लग्न झालं, सगुणा घरात आली, पुढे इंदिरानगरात दोन खोल्या झाल्या. पोरगी सासरी सिन्नरला सुखात आहे. दर श्रावणात सोमवारची रजा टाकून नाना गावी जायचा आणि थोरल्याला बाजूला सारून स्वतः पिंडीला लेप करायचा. मालकसुद्धा त्या सोमवारी त्याला फोन करत नसत.

कारखाना हीटरच्या प्लेटा बनवतो. पूर्वी त्या पॅकिंग मशीनच्या, चौकोनी असत. हल्लीच योगेशसरांनी, म्हणजे थोरल्या मालकांच्या मुलाने, बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम आणलं. चिप ज्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर बनते ना, त्या चकतीला मशीनमध्ये बसायला पाट लागतो. हा पाट म्हणजे एक गोल प्लेट. चकती तिच्यावर बसते आणि तापते. आता आपला तवा मध्ये जास्त तापतो, कडेला कमी, आपण भाकर फिरवून घेतो. चकती फिरवता येत नाही. तिची एखादी कड जराशी जरी जास्त तापली, तरी तिथल्या सगळ्या चिपा भंगारात. म्हणून पाट मध्यापासून कडेपर्यंत सारखाच गरम पाहिजे. सारखाच म्हणजे सारखाच, तिथे "चालतंय की" चालत नाही.

त्यासाठी प्लेट दोन थरांची करतात. वरच्या थरात तापणारी तार, खालच्या थरात पाणी फिरवणारी नाळी. तार तापवते, पाणी जास्तीची उष्णता उचलून नेतं. दोन्ही थरांच्या मध्ये राखाडी रंगाचा चिकट लेप असतो, वरची उष्णता खाली पोचवायला. लेप कुठे विरळ पडला, मध्ये पोकळी राहिली, की तिथली उष्णता खाली उतरत नाही, वरच कोंडते. नाळी आखली होती मोहिनीने. लेप कुणाकडे असणार? नानाकडेच. टोपी, हातमोजे, पांढरा कोट घालून नाना रबरी पट्टीने लेप पसरायला लागला की पोरं काम सोडून बघत. योगेशसर पाहुण्यांना सांगायचे, "मशीन घेणार होतो, पण आमच्या नानांचा हात मशीनपेक्षा सरस आहे." नाना मान खाली घालायचा, पण मिशीतलं हसू काही लपायचं नाही.

आणि प्लेटा नापास व्हायला लागल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. चाचणीच्या डब्यातली हवा काढून प्लेट तापवायची, वरून उष्णता बघणारा कॅमेरा लावायचा. पडद्यावर सगळी प्लेट छान एका रंगाची, फक्त एका कडेला टरबुजाच्या फोडीसारखा लाल तुकडा. दरवेळी तिथेच. पाणी बाहेर पडायची तोटी प्लेटच्या कडेला जिथे बाहेर आलेली असते, बरोब्बर तिच्या वर.

मग काय, सगळे शहाणे झाले. पाणी आत येताना थंड असतं, बाहेर पडेस्तोवर तापतं, म्हणून तोटीपाशी प्लेट गरम. इतकं साधं कळलं नाही का हिला? चूक नाळीची, म्हणजे मोहिनीची.

"सर, तसं होऊ नये म्हणूनच मी येतं पाणी आणि जातं पाणी शेजारी शेजारी वाहवलंय," मोहिनी योगेशसरांना म्हणाली. "तापलेल्या पाण्याच्या बाजूला थंड पाणी आहे. हिशोब परत परत केलाय." मग घाबरत घाबरत म्हणाली, "एकदा प्लेट उघडून लेप बघू या का?"

तेव्हा नाना हळू आवाजात बोलला. ते नागलीच्या भाकरीचं. लेपावर बोट ठेवलं होतं ना तिने. उघडली की प्लेट वाया जाते, त्यामुळे योगेशसरांनीही मान हलवली. नानाचा लेप कुणी उघडून बघायचा? सूर्यापुढे काजवा धरण्यातला प्रकार.

त्याच आठवड्यात रोहितने नानाचा व्हिडिओ काढला होता. रोहित म्हणजे नव्या माणसांना काम शिकवायची जबाबदारी असलेला सुपरवायझर. "नाना, उद्या तुम्ही घरी बसाल, मग आम्ही कुणाला बघून शिकायचं?" असं म्हणत त्याने वरून मोबाईल धरून पूर्ण लेप टिपला आणि नानाला पाठवून दिला.

संध्याकाळी घरी आल्यावर नानाने तो सगुणाबाईला दाखवला. ती मेथी निवडत बसली होती. एवढ्या वर्षांत नवरा कारखान्यात नक्की काय करतो हे तिने कधी बघितलंच नव्हतं. हात पदराला पुसून तिने मोबाईल लांब धरला. बघता बघता तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "अहो, तुम्ही तर कंपनीतसुद्धा महादेवच पूजताय की!"

"काय बोलतीस?"

"बघा ना. गोल पिंडी, ही अशी बाहेर आलेली पन्हळ, आणि तुमचा हात बघा कसा जातोय. पन्हळीपाशी आला, थांबला, मागं फिरला. पार दुसऱ्या अंगानं पन्हळीपर्यंत, परत माघारी. सोमसूत्री करताय तुम्ही!" ती खळखळून हसली. "कोपऱ्यातल्या मारुतीला जायचा कंटाळा करता, आणि इथं बघा भक्ती!"

महादेवाच्या देवळात माणूस पूर्ण प्रदक्षिणा घालत नाही. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नसते. तिथवर जायचं, उलट फिरायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथवर यायचं आणि परतायचं. गुरवाच्या घरात हे पायांपुरतं नव्हतं. लेप करतानाही हात पन्हळीवरून जाऊ द्यायचा नाही, बापाने मनगटावर चापट्या मारून शिकवलेलं. नाना ते विसरून गेला होता. हात विसरला नव्हता. चौकोनी प्लेटांना तोटी नव्हती, तोवर काही बिघडलं नाही.

नानाने व्हिडिओ पुन्हा लावला. पट्टी झोकात फिरत होती, तोटीच्या रेषेपाशी आली की हलकेच उचलली जात होती, आणि मागे वळत होती. दोन्ही बाजूंना लेप भरलेला. मध्ये, तोटीच्या वर, एक पट्टा जेमतेम माखलेला. टरबुजाची फोड.

"काय झालं?" सगुणाबाई म्हणाली. "माझं काय चुकलं का बोलण्यात?"

"नाय," नाना म्हणाला. "चहा टाक." चहा आला तो तसाच निवला. त्याला दुसरं तिसरं काही आठवत नव्हतं, फक्त पोरांचं ते फिदीफिदी हसणं आणि मोहिनीचे लाल झालेले कान. आपण बोललो ते तोंडातून परत आत घेता आलं असतं तर त्याने जीभ चावून ते घेतलं असतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बायका म्हणतात ते त्याला आजवर नाटकी वाटायचं. आता वाटत नव्हतं.

सकाळी जाऊन सांगून टाकायचं असं ठरवून तो निघाला. खरंच ठरवलं होतं. पण कारखान्यात पाय ठेवतो तर योगेशसर सगळ्यांना जमवून उभे. पुण्याहून एक सल्लागार घेणार, नाळीचं काम त्यांच्याकडे जाईल, मोहिनी तोवर पॅकिंगला बसेल. हे त्यांनी सरळ सगळ्यांपुढे सांगितलं. "शिकायला मिळेल तुला," असंही म्हणाले. इंजिनिअर पोरीने खोक्यांना चिकटपट्ट्या लावून काय शिकायचं ते त्यांनाच माहीत.

आत्ता बोल, निवृत्ती. आत्ताच. नानाच्या घशात शब्द आले सुद्धा. समोर पोरं उभी होती, नानांचा हात मशीनपेक्षा सरस असं ज्यांनी येताजाता ऐकलं होतं ती. या पोरांसमोर म्हणायचं की मी गुरवाचा पोर, तुमच्या प्लेटला पिंडी समजून हात फिरवला? आणि वर हिला नागलीवरून बोललो? शब्द जसे आले तसे गेले. मोहिनीने आपले नकाशे गोळा केले, जेवणाचा डबा उचलला आणि ती जिना उतरून खाली गेली. नाना हातमोज्यात हात घालत राहिला. मोजा उलटा आहे हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

पुढची प्लेट त्याने नीट केली. नीट म्हणजे काय, जबरदस्तीने. पट्टी तोटीपाशी आली की हात आपोआप उचलला जायचा. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचं आणि ढकलायचं पलीकडे. पहिल्यांदा ओलांडताना त्याच्या तोंडून "शिव शिव" निघून गेलं आणि त्याने इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही. पुण्याच्या सल्लागाराने तेवढ्यात फोनवरून पाण्याचा जोर जरासा वाढवायला सांगितला होता. प्लेट चाचणीला लागली, आणि पडदा कडेपासून कडेपर्यंत एका रंगाचा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. योगेशसर म्हणाले, "बघा, अनुभवी माणूस तो अनुभवी माणूस!" त्यांना पुण्याचा सल्लागार म्हणायचा होता.

हे मात्र नानाला गिळवेना. तो केबिनमध्ये गेला, दार लोटलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. देऊळ, बाप, पन्हळ, व्हिडिओ. योगेशसर टेबलावर हात आपटून हसले.

"नाना, नाना! काय भोळे हो तुम्ही! सोमसूत्री!" डोळे पुसत ते म्हणाले. "म्हणजे महादेवाने चाचणी घेतली म्हणायची आपली."

"सर, पोरीचं काय?"

योगेशसरांचं हसू आवरलं. "हे बघा, बेंगळुरूला आपण कळवलंय की नाळीत दोष होता, तो काढला. आता त्यांना सांगू की आमचा माणूस प्लेटला प्रदक्षिणा घालत होता? उद्या काम जाईल. मोहिनी लहान आहे, करू काहीतरी सहा महिन्यांनी. तुम्ही कुठे बोलू नका. तुमचंच नाव जाईल, नाना, मला ते नकोय."

आणि खरं सांगायचं तर नानाला हायसं वाटलं. बोलायचं ते बोलून झालं, वर मालकानेच गप्प बसायला सांगितलं, आता आपल्या हातात काय? जिना उतरता उतरता त्याला त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. केली ती चूक नकळत होती. हे कळून सवरून होतं.

बेंगळुरूहून प्लेट पसंत पडल्याचा निरोप आला त्या दिवशी योगेशसरांनी पेढे आणले. जेवणाच्या सुट्टीत सगळे वरच्या खोलीत जमले, पॅकिंगवाल्यांनाही बोलावलं. मोहिनी आली ती दाराशीच उभी राहिली. रोहितने तिच्या हातावर पेढा ठेवला. तो तसाच हातात धरून ती गर्दीतून वाट काढत नानापाशी आली.

"नाना, एक बोलायचं होतं," ती म्हणाली. आजूबाजूची दोघंतिघं वळली. "मला माफ करा. चूक माझ्या नाळीत होती आणि मी तुमच्या लेपाचं नाव घेतलं. तुम्हाला राग येणारच. मी आईलाही फोनवर सांगितलं, मोठ्या माणसाला असं बोलायला नको होतं."



"फक्त एक करा," मोहिनी म्हणाली. "पुण्याच्या सरांनी नाळी कशी बदलली, तेवढं मला दाखवायला सांगा ना. मी रोज घरी बसून बघतेय, मला माझी चूक सापडतच नाही. सापडली नाही तर पुढे पण तीच करीन."

"नाळी कुणी बदलली नाय," नाना म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझीच हाय. जशीच्या तशी. पास झाली ती तुझीच नाळी."

"नाना," योगेशसर पलीकडून म्हणाले, "ते आपण नंतर बोलू. पेढा घ्या."

"नंतर नाय, सर." नाना लेपाच्या टेबलापाशी गेला, रबरी पट्टी उचलली आणि एका उघड्या प्लेटवर कोरडीच फिरवून दाखवली. तोटीपाशी आली, उचलली, मागे वळली. "हे बघा. असं करत व्हतो मी. पन्हळ वलांडायची नाय म्हणून. देवळात शिकलेलं. लेप तिथं बसतच नव्हता. दोष माझा व्हता, पोरीचा काय बी दोष नव्हता. आणि मी तिला सगळ्यांदेखत नागलीवरनं बोललो. तिच्या आईबापाच्या कष्टावरनं बोललो. मला त्याची लय लाज वाटती."

मागून कुणीतरी "हर हर महादेव!" केलं आणि सगळे खो खो हसले. वाईट हसले नाहीत हो, मायेनेच हसले. कुणी नानाच्या पाठीवर थाप मारली. योगेशसरांनी पाहिलं की प्रकरण हसण्यावारी जातंय, तेही हसले. "भक्तीच ती, नाना! कारखान्यात देव आणला तुम्ही." रोहितने अजून एक पेढा आणून त्याच्या तोंडाशी धरला. नाळीच्या चुकीसाठी पोरगी खाली खोकी भरत होती, आणि लेपाच्या चुकीसाठी नानाच्या तोंडात पेढा.

मोहिनी हसली नव्हती. लोक थांबेपर्यंत ती थांबली.

"तुम्हाला हे कधी कळलं, नाना?" तिने विचारलं.

आत्ता, या पेढ्यांच्या गडबडीत, असं म्हणता आलं असतं. परवा म्हटलं असतं तरी चाललं असतं. योगेशसर काही बोलणार नव्हते, सगुणाबाई तिथे नव्हती. लोक अजून हसऱ्या तोंडाने त्याच्याकडे बघत होते. नानाने रोहितचा हात तोंडापासून बाजूला केला.

"तुला पॅकिंगला धाडलं ना," तो म्हणाला, "त्याच्या आदल्या सांजेला."

हसरी तोंडं एकेक करून मिटली. मोहिनीने मान हलवली, जणू एखादा आकडा ताडून बघितला आणि तो जुळला. हातातला पेढा तिने टेबलावर, पट्टीच्या शेजारी ठेवला. मग ती योगेशसरांसमोर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सर, नाळीत दोष नव्हता असं बेंगळुरूला आज पत्र जाईल ना? मी थांबते." नानाकडे तिने परत बघितलं नाही.

बाकीचे आपापल्या जागी गेले. कुणी नानाला चकार शब्द बोललं नाही, आणि कुणीतरी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.